चाल, वेग, त्वरण : आठवीतल्या पोरांच्या डोक्यात शिरवायचं कसं?

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. ‘गती, बल व कार्य’ हा धडा सातवीत होऊन गेला, व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेल. पण परवा सराव चाचणीत प्रश्न आला, ‘एखाद्या वस्तूचा वेग शून्य असताना तिला त्वरण असू शकते का?’ हिनं ठोकून ‘नाही’ लिहिलं. वेगच नाही तर त्वरण कुठनं येणार, असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगू, मलाही ते पटलं. मी कॉमर्सवाली. आमच्या ह्यांनी फिजिक्स बारावीनंतर पंचगंगेत सोडलेलं.

आणखी दोन गोष्टी अडल्यात. गाडीचा काटा एकच आकडा दाखवतो, मग चाल वेगळी आणि वेग वेगळा कशाला? आणि ते ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’. सेकंदाचा वर्ग म्हणजे नक्की काय असतंय? मीटरचा वर्ग म्हटलं की निदान खोलीची फरशी डोळ्यांसमोर येते. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, लेक शेजारी बसून वाचणार आहे.

पिवळी_पाटी
ताई, मी आठवी ते दहावीचे क्लास घेते. परीक्षेपुरतं सांगते. चाल म्हणजे कापलेलं अंतर भागिले लागलेला वेळ. वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ. त्वरण म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ५ ने गुणा आणि १८ ने भागा. ३६ चे १०, ७२ चे २०. एवढं हातात बसलं की उदाहरणं सुटतात. बाकीची समज नववीत ‘गतीचे नियम’ करताना आपोआप येते.

एक सापळा मात्र आत्ताच दाखवून ठेवा. सायकलनं पन्हाळ्याला गेलात, अंतर २० किमी धरा. जाताना चढ, ताशी १० नं गेलात. येताना उतार, ताशी ४० नं आलात. सरासरी चाल किती? निम्मा वर्ग ‘२५’ म्हणून ओरडतो. जायला २ तास, यायला अर्धा तास, ४० किमीला एकूण अडीच तास. म्हणजे ताशी १६. चढावर वेळ जास्त गेला, म्हणून सरासरीही चढाकडं ओढली गेली.

जुना_मास्तर
पन्हाळ्याचं उदाहरण झकास. ‘आपोआप येते’ हे मात्र मला मान्य नाही. नववीतली पोरं सूत्रात आकडे कोंबतात, उत्तर काढतात, आणि उत्तराआधी ऋण चिन्ह आलं की गुपचूप खोडून टाकतात. त्यांना वाटतं काहीतरी चुकलं. त्या चिन्हातच अर्धं उत्तर असतं.

आधी चाल आणि वेग. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारा. फेरी ४ किमी धरू, हिशेबाला सोपी जाते. वेळ एक तास. चाल ताशी ४ किमी. पण निघालात तिथंच परत आलात. सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत सरळ रेघ मारायला गेलं तर रेघच उरत नाही. विस्थापन शून्य, म्हणून त्या तासाचा सरासरी वेगही शून्य. इथं वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, ‘सर, मग आम्ही चाललोच नाही काय?’ चाललास की, घाम आला, चप्पल झिजली. त्याचा हिशेब चालीकडं आहे. वेगाला फक्त एवढंच विचारायचं असतं : इथनं निघून तू कुठं पोचलास, कुठल्या दिशेला, आणि किती वेळात.

गाडीचा काटा दाखवतो ती चाल. त्याला पूर्व-पश्चिम कळत नाही. बोलताना आपण सगळ्यालाच वेग म्हणतो, चालायचंच. पेपरात जपून लिहावं.

तांबडा_पांढरा
रंकाळ्याची फेरी संपवून चौपाटीवर दोन भेळ हाणल्या की विस्थापन शून्य, वजन मात्र धन. नाद खुळा धागा आहे, चालू ठेवा.

मिरज_लाईन
माझ्या आवडीचं उदाहरण देतो. कोल्हापूर ते पुणे रेल्वेनं सव्वातीनशे किमीच्या घरात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली वंदे भारत हे अंतर कापायला साधारण सव्वापाच तास घेते असं धरू. सरासरी चाल आली ताशी ६२ किमीच्या आसपास. लोक नाक मुरडतात, १६० नं पळू शकणारी गाडी आणि ६२? अहो, सरासरीत थांबे आले, वळणं आली, घाट आला. मधल्या सरळ पट्ट्यात खिडकीतून ऊस नुसता हिरवा पट्टा दिसतो तेव्हाची चाल वेगळी असते. एखाद्या क्षणाची चाल आणि अख्ख्या प्रवासाची सरासरी चाल या दोन गोष्टी आहेत, हे पोरांना आधी सांगायला हवं.

आता वेग. नकाशावर पट्टी ठेवली तर पुणं आपल्या उत्तरेला आहे, किंचित पश्चिमेकडं झुकून, साधारण २०५ किमीवर. गाडी मात्र स्टेशनातनं सुटली की पहिल्यांदा पूर्वेला मिरजेकडं पळते! तिथनं वळण घेऊन मग सांगली, कराड, सातारा. सरासरी वेग काढायचा तर २०५ ला सव्वापाचनं भागायचं, ताशी ३९ किमी, उत्तरेकडं. एकाच प्रवासाचे दोन आकडे आले आणि दोन्ही बरोबर आहेत.

कळंबा_रोड
हे कळलं. लेक विचारतीय, मग सरासरी वेगाचा आकडा सरासरी चालीपेक्षा मोठा येईल असं कधी होईल काय?

मिरज_लाईन
कधीच नाही. दोन ठिकाणांमधला सगळ्यात आखूड रस्ता म्हणजे सरळ रेघ. कापलेलं अंतर त्या रेघेइतकं तरी असतं किंवा जास्त. रस्ता सरळ असेल आणि मधे मागं फिरला नसाल तर दोन्ही आकडे सारखे येतील, एवढंच. प्रश्न भारी विचारला पोरीनं.

घाटरस्ता
मी रिटायर यष्टी ड्रायव्हर. आमाला हे फिजिक्स कुनी शिकवलं न्हाई, प्यासिंजरनं शिव्या घालून शिकवलं.

त्वरण म्हंजे काय, तर काटा कुठं हाय ते बगायचं न्हाई, काटा किती झपाझप सरकतोय ते बगायचं. गाडी स्टँडातनं काडली, धा सेकंदात काटा शून्यावरनं ४० वर गेला. म्हंजे दर सेकंदाला ४ नं वाडला. हेच त्वरण. नव्या पोरानं क्लच दनकन सोडला की तेच ४० पाच सेकंदात येत्यात आनि पुडचं मानूस मागच्याच्या डोस्क्यावर. एकसारख्या ८० नं गाडी चालली की कुनाला कायबी कळत न्हाई, चाय पन सांडत न्हाई. अंगाला कळतं ते त्वरण, वेग न्हवं.

आता माजाच एक प्रश्न. गगनबावड्याच्या म्होरं करूळ घाटात काटा २० वर ठेवून वळान घेतलं, काटा जरापन हालला न्हाई, तरी मानसं एकमेकाच्या अंगावर झुकत्यात. हितं त्वरण कुठनं आलं?

उचगाव_वर्कशॉप
काका, प्रश्नातच उत्तर दिलंत. काटा चाल दाखवतो, चाल बदलली नाही. पण वेगात दिशाही असते आणि वळणावर ती क्षणाक्षणाला बदलते. वेग बदलला म्हणजे त्वरण आलं. वळणाच्या आतल्या बाजूला, मध्याकडं. गाडी आत वळते, माणसाचं अंग मात्र होतं त्याच दिशेनं सरळ जायला बघतं, म्हणून ते बाहेरच्या बाजूला ढकलल्यासारखं वाटतं.

आकडा हवा असेल तर : वळणाची त्रिज्या २० मीटर धरली आणि गाडी ताशी २० नं घेतली, तर त्वरण सेकंदाला सेकंदाला दीड मीटरच्या आसपास येतं. तेच ४० नं घेतली तर ६ च्या वर. चाल दुप्पट, त्वरण चौपट. सूत्र आठवीला लागत नाही, पण घाटात पाटी का लावतात ते कळतं.

ब्रेकचंही असंच. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर अंधारात उसाची ट्रॉली दिसली, पाय ब्रेकवर जाईस्तोवर एक सेकंद गेला धरा, तेवढ्यात १७ मीटर गेले. मग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदानं वेग कमी होत गेला तर थांबायला अजून २८ मीटर. एकूण ४५. आता ताशी ८० नं करा : २२ आणि ४९, एकूण ७१. चाल एक तृतीयांशानं वाढली, पण थांबायला २६ मीटर जास्त लागले. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर पाठीमागं दिवा नसलेल्या किती ट्रॉल्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे. हे गणित लायसन काढायच्या वयाच्या आत पोरांच्या डोक्यात गेलेलं बरं.

हाफ_बॅक
दिशेवरून आठवलं. शाहू स्टेडियमवर मॅच, फ्री किक, बॉल सेकंदाला २० मीटरनं पोस्टच्या खांबावर आदळला आणि सरळ मागं १५ नं परत आला. वेगात बदल किती? सगळे म्हणणार ५. चूक. जातानाची दिशा धन धरली तर आधी +२०, नंतर −१५. बदल ३५ मीटर प्रति सेकंदाचा, उलट्या दिशेनं. आणि हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागात झालं असं धरलं तर त्वरण ३५०० येतंय! म्हणून तर हेडर चुकला की डोळ्यांपुढं तारे चमकतात.

तांबडा_पांढरा
पाडव्याला म्हशी पळवतात त्याचं पण सांगा कुणीतरी. पुढं पुंगळी काढलेली बुलेट, मागं शिंगं रंगवलेली म्हैस. त्वरण कुणाचं जास्त?

हाफ_बॅक
मालकानं गाडी म्हशीच्या बेतानं काढली तर दोघांचं सारखंच. सारखं नसलं तर म्हैस तरी मागं राहणार नाहीतर मालक तरी खाली. दोघांमधलं अंतर बदललं नाही म्हणजे क्षणोक्षणी दोघांचा वेग एकच आहे आणि त्वरणही एकच. गाडीला उगाच मान मिळतोय.

जुना_मास्तर
मूळ प्रश्न अजून तसाच आहे : वेग शून्य, तरी त्वरण. आणि ऋण त्वरण. या दोन्हींसाठी मला कोल्हापुरात पुराच्या पाण्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

जुलै उजाडला की आपल्याकडं लहान पोरगंसुद्धा राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे पाढ्यांआधी पाठ असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत लोक काय बोलतात ते आठवा. ‘पातळी ३८ फूट झाली.’ ही झाली जागा, स्थान. ‘तासाला पाच इंचानं चढतंय.’ हा वेग. चढतंय की उतरतंय ही दिशाही त्यात आली. ‘चढतंय अजून, पण वाढ मंदावली.’ हे त्वरण! सुतारवाड्यातली माणसं सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हे नुसत्या पातळीवरून ठरवत नाहीत. वाढ वाढतीय की वाढ घटतीय, हे बघून ठरवतात. ज्याला आपण अवघड म्हणतो ती गोष्ट इथं चुलीपुढं बसून बोलली जाते.

आता एक काल्पनिक दिवस घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत म्हणून बनवलेत.

सकाळी ६ : ३५ फूट
८ : ३५ फूट १० इंच
१० : ३६ फूट ४ इंच
दुपारी १२ : ३६ फूट ६ इंच
२ : ३६ फूट ४ इंच
४ : ३५ फूट १० इंच

प्रत्येक दोन तासांचा वेग काढा. पहिल्या दोन तासांत १० इंच, म्हणजे तासाला ५. पुढं तासाला ३, मग १. दुपारी १२ नंतर उतरायला लागलं : −१, मग −३. चढण्याची दिशा धन धरली आहे.

ही रांग बघा : ५, ३, १, −१, −३. दर वेळी २ नं कमी. दोन तासांत वेग ‘तासाला २ इंच’ इतका कमी होतोय, म्हणजे एका तासात ‘तासाला १ इंच’ इतका. त्वरण −१, ‘तासाला इंच’ दर तासाला. दिवसभर एकच त्वरण.

ताई, तुमचा वर्ग इथं आला. ‘दर तासाला’ दोनदा म्हणावं लागलं, एकदा वेगासाठी आणि एकदा वेगाच्या बदलासाठी. कागदावर दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून वर्ग. फरशीशी त्याचा काही संबंध नाही. घाटरस्ता काकांनी वर ‘दर सेकंदाला ४ नं वाडला’ लिहिलंय, तेही हेच.

आता दुपारी १२ च्या सुमाराला या. पाणी चढायचं थांबलंय, उतरायला अजून लागायचंय. त्या क्षणी वेग शून्य. त्वरण? सकाळपासून −१ होतं, दुपारीही −१ च आहे. ते शून्य झालं असतं तर वेग शून्यावरच अडकून बसला असता आणि पाणी ३६ फूट ६ इंचांवर थिजलं असतं. वेग शून्यातनं ऋणात उतरला, कारण त्वरण तेव्हाही काम करत होतं. लेकीच्या पेपरातला प्रश्न हाच.

आणखी एक. दुपारी २ नंतर पाणी आधीपेक्षा जोरात उतरतंय, १ वरून ३ इंचांवर आलं. जोर वाढला तरी त्वरण ऋणच. म्हणून ‘ऋण त्वरण म्हणजे मंदावणं’ हे पाठ करू नका, अर्ध्या वेळा फसाल. वेग आणि त्वरण यांची चिन्हं एकसारखी असली की चाल वाढते, वेगळी असली की घटते. सकाळी वेग धन आणि त्वरण ऋण, म्हणून वाढ मंदावत होती. दुपारनंतर दोन्ही ऋण, म्हणून उतरण्याचा जोर वाढला.

प्रयाग_चिखली
मास्तर, हिशेब बरोबर आहे पण नदी अशी वागत नाही. चढते एका रात्रीत आणि उतरायला आठवडा घेते. खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकतच नाही, तुंबून राहतं. ज्याच्या घरात पाणी येतं त्याला विचारा.

जुना_मास्तर
शंभर टक्के. खरा आलेख एका बाजूला उभा चढ आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक उतार असाच येईल, आणि त्वरणही तासातासाला बदलेल. मी सरळ आकडे घेतले ते त्वरण एकसारखं दिसावं म्हणून. पुढच्या पावसाळ्यात पोरांना पेपरातली रोजची पातळी आलेख कागदावर मांडायला सांगा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पातळी. रेघ जिथं जास्त उभी तिथं वेग जास्त. रेघ जिथं वाकते तिथं त्वरण.

उचगाव_वर्कशॉप
एक शंका काढून ठेवतो, नाहीतर एखादं हुशार पोर घोळ घालेल. नदी वाहण्याचा वेग वेगळा. तो पाण्याचा, पुलाखालनं खाली जाणारा. इथं जो वेग काढला तो पाण्याच्या पृष्ठभागाचा, उभा, वर-खाली. पात्र तुंबलेलं असलं की प्रवाह संथ असूनही पातळी झपाट्यानं चढू शकते.

जुना_मास्तर
बरोबर, हे लिहायलाच हवं होतं कुणीतरी.

आता पाण्याच्या जागी वर फेकलेला चेंडू घ्या, तीच रांग येते. सेकंदाला २० मीटरनं सरळ वर फेकला. पृथ्वीच्या ओढीचं त्वरण खाली ९.८, आपण १० धरू. एक सेकंदानं वेग १०, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी −१०, चारनं −२० आणि हातात. वर टोकाला वेग शून्य. त्वरण चारही सेकंद −१०. टोकाला पृथ्वीनं ओढणं थांबवलं असतं तर चेंडू तिथंच लटकला असता.

कळंबा_रोड
मी लेक बोलतोय, आईच्या मोबाईलवरून. पाण्याचं एकदम कळलं. आजोळी दोन्ही वर्षी पाणी आलेलं, मामा रात्रभर पायरीवर खडूनं खुणा करत बसायचा. पण मला एक सांगा. दादानं फायफॉक्स नावाचं ॲप टाकलंय, त्यात त्वरण दिसतं. फोन टेबलावर गप पडलाय, हलत पण नाही, तरी ते ९.८ दाखवतंय. वेग शून्य आहे आणि तो बदलत पण नाही. मग त्वरण शून्य पाहिजे की. ॲप चुकतंय काय?

उचगाव_वर्कशॉप
वाह! ॲप बरोबर आहे आणि तूही बरोबर आहेस. फोनचं त्वरण शून्यच आहे. फोनच्या पोटात एक अगदी बारकं वजन असतं, लवचीक आधारावर अडकवलेलं. ते किती सरकलं, यावरून ॲप आकडा काढतं. टेबलावर पडलेल्या फोनला पृथ्वी खाली ओढते आणि टेबल वर रेटतं, दोन्ही सारखं, म्हणून फोन जागचा हलत नाही. आतल्या बारक्या वजनालाही त्याच्या आधारानं तोलून धरलेलं असतं, त्यामुळं आधार वाकतो. ॲपला दिसतो तो हा आधाराचा रेटा. ओढ त्याला दिसत नाही.

पडताळा घ्यायचा तर जाड गादीवर फोन मीटरभर उंचीवरनं सोड. पडताना आधार नाही, म्हणून जवळजवळ अर्धा सेकंद ॲप शून्याच्या आसपास दाखवेल. म्हणजे खरं त्वरण ९.८ असताना ते शून्य दाखवतंय, आणि खरं शून्य असताना ९.८! एवढं लक्षात ठेवून ते ॲप केएमटीत घेऊन बस. बस सुटताना, ब्रेकला, वळणाला रेघ कशी उडते ते बघ. त्याच ॲपमध्ये ओढ वजा करून दाखवायचीही सोय आहे, ती निवडलीस तर टेबलावर शून्य दिसेल. फोन सोडायचा प्रयोग दादाच्या फोनवर कर, आईच्या नको.

पिवळी_पाटी
मास्तर, नळीतून गोटी सोडायचा एक प्रयोग असतो ना, गॅलिलिओचा? माझ्या क्लासला करायचा आहे. कसा मांडायचा?

जुना_मास्तर
पडणारी वस्तू फार लवकर पडते, त्या काळी ती मोजता येईल असं घड्याळ नव्हतं. म्हणून गॅलिलिओनं उतार वापरला, पडणं संथ केलं. वेळ मोजायला बारीक धारेनं पाणी गळू द्यायचा आणि साठलेलं पाणी तराजूत तोलायचा. १६३८ मध्ये त्यानं हे छापलं. त्याला दिसलं की सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम आकड्यांनी वाढतात. एकूण अंतर मग १, ४, ९, १६.

घरी : वायरिंगची केसिंग पट्टी घ्या, साधारण दोन मीटरची. एक टोक वीतभर उंच ठेवा. वरच्या टोकापाशी शून्याची खूण, तिथनं १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटरवर पट्टीच्या तळाला वायरमधली एक बारीक तार आडवी ठेवून वर सेलोटेप लावा. गोटी शून्याच्या खुणेवरनं सोडायची, ढकलायची नाही. प्रत्येक तारेवर टक् असा आवाज येतो. अंतरं वाढत जातात, पण टक् मात्र एका लयीत, साधारण अर्ध्या अर्ध्या सेकंदानं. मग तारा काढून सारख्या अंतरावर, ४०, ८०, १२०, १६० वर लावा. आता टक् जवळजवळ येत जातात. हे कानानं ऐकलेलं पोर विसरत नाही.

कळंबा_रोड
परत लेक. आम्ही पट्टी लावली. पहिले तीन टक् लयीत येतात, चौथा मात्र उशिरा पडतो. दादा म्हणतोय गॅलिलिओ चुकला. तारा मोजून बघितल्या, अंतरं बरोबर आहेत.

उचगाव_वर्कशॉप
पट्टी दोन्ही टोकांनाच टेकवलीय काय? मग ती मधे झोळ खाते. वरच्या भागात उतार जास्त होतो आणि खालच्या भागात कमी. खाली आल्यावर त्वरण घटतं, म्हणून शेवटच्या ७० सेंटीमीटरना वेळ जास्त लागतो. पट्टीखाली सरळ लाकडी फळी घाला, नाहीतर मधे दोन ठिकाणी पुस्तकांचे टेकू द्या आणि वरच्या टोकावरनं एक डोळा मिटून पट्टी सरळ आहे का बघा. शेवटची तार जाड बसली नाही ना, तेही तपासा. जाड असली तरी गोटी तिथं अडखळते, पण मग आवाजही वेगळा येईल.

कळंबा_रोड
खाली इस्त्रीचं टेबल लावलं. चारही टक् लयीत आले! दादाला आता तेच टेबल कपड्यांसाठी पाहिजे आणि मी देत नाही.

पिवळी_पाटी
मी उद्या केसिंग पट्ट्या आणते. फळी कुणाकडं जादा आहे काय?

घाटरस्ता
माज्याकडं हाय, सा फुटी. फुलेवाडीत येऊन घिऊन जावा.